पॉवर पोर्ट बदलल्यापासून लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्जच होत नाही

सातपुडा पायथा

राम राम मंडळी. फैजपूरजवळ आमचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, केळीच्या पीकविम्याचे अर्ज, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. मागे चार्जरच्या वायरीत एका गिऱ्हाइकाचा पाय अडकला आणि लॅपटॉपची चार्जिंगची जागा आतून हलली. पिन एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज व्हायचा. जळगावला एका दुकानात नेला. त्यांनी पोर्ट बदलला, माझ्यासमोर चालू करून दाखवला, लाइट लागला, मी घेऊन आले.

घरी आल्यावर लक्षात आलं की बॅटरी 6 टक्क्यांवरून हलतच नाही. चार्जर लावलेला असला की लॅपटॉप चालतो, पिन काढली की थोड्याच वेळात बंद. कोपऱ्यात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ दिसतं. शिवाय लॅपटॉप कमालीचा हळू झालाय. पोर्टलवर फॉर्मचं पुढचं पान उघडेपर्यंत समोरचा माणूस कंटाळून जातो.

दुकानात फोन केला तर म्हणाले, ‘बोर्डाचं चार्जिंग सेक्शन गेलंय, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीएवढा सांगताहेत. माझा प्रश्न एवढाच आहे की पोर्ट बदलण्याआधी पिन दाबून धरली की व्यवस्थित चार्ज होत होता. मग बोर्ड मधेच कसा गेला? आमच्याकडे दुपारची लाइट कधीही जाते. बॅटरी नसली की अर्ज अर्ध्यात बंद पडतो आणि लांबून आलेली माणसं परत जातात. कोणी नीट सांगेल का?

वरणगाव फाटा

ताई, बॅटरीच गेली असणार. पाचेक वर्षं झाली असतील तर नवी टाकून मोकळ्या व्हा. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं.

पांझराकाठ

वरणगाववाले दादा, थांबा जरा. बॅटरी गेली असेलही, पण ताईंच्याच लिहिण्यात तिच्या बाजूने एक मोठा पुरावा आहे. रिपेअरच्या आदल्या दिवसापर्यंत ती चार्ज होत होती. त्या दिवशी बदललं काय? पोर्ट. मग आधी पोर्टपासून बॅटरीपर्यंतचा रस्ता तपासायचा. मी धुळ्यात लॅपटॉपचं चिपलेव्हल, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग दुरुस्त करण्याचं काम करतो. बोर्ड मरतात, नाही असं नाही, पण मोजमाप न करता कोणी बोर्डावर बोट ठेवलं की मला राग येतो. गिऱ्हाइकाकडे पडताळायला काही नसतं, त्यामुळे सांगणाऱ्याची जबाबदारी वाढते.

ताई, मला चार गोष्टी सांगा. चार्जरच्या पिनेच्या आत पाहा, गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी बारीक काडी आहे का? चार्जरच्या लेबलवर आउटपुट किती लिहिलंय? लॅपटॉप चालू करताना काळ्या पडद्यावर अडॅप्टरबद्दल काही मेसेज येतो का? आणि चौथं, पिन लॅपटॉपला लावल्यावर चार्जरवरचा छोटा दिवा चालूच राहतो की विझतो?

चौथ्या प्रश्नावरून अर्धं काम होतं, म्हणून बाकीच्यांसाठीही लिहितो. पिन लावताच दिवा विझत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. अशा वेळी पुन्हा पुन्हा लावून बघू नये. दिवा चालू राहत असेल आणि तरी लॅपटॉपला काहीच कळत नसेल तर रस्ता कुठेतरी तुटलाय. दोन्ही दोष वेगळे, आणि त्यांचा शोधही वेगळा.

सातपुडा पायथा

दादा, पाहिलं. पिन गोल आहे, मधोमध सुई आहे आणि ती सरळ आहे, वाकलेली नाही. लेबलवर 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर. दिवा चालूच राहतो. आणि हो, चालू करताना इंग्रजीत मेसेज येतो, मी घाईत एंटर दाबून पुढे जायचे. आज वाचला. अडॅप्टरचं वॉटेज आणि प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही, असा त्याचा अर्थ आहे.

पांझराकाठ

मग बोर्ड बदलायची भाषा सध्या सोडून द्या.

ती मधली सुई वीज नेण्यासाठी नसतेच. बाहेरचं नळकांडं म्हणजे ग्राउंड, त्याची आतली बाजू म्हणजे 19.5 व्होल्ट, आणि सुई म्हणजे चार्जरची ओळख सांगणारी वायर. डेलच्या चार्जरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते. लॅपटॉपमधला कंट्रोलर या एका वायरीवरून ती वाचतो आणि त्याला कळतं की समोर 65 वॉटचा चार्जर आहे की 45 चा. एचपीच्या गोल पिनेतली सुईही ओळखीसाठीच असते, पद्धत निराळी. लेनोव्होच्या जुन्या चौकोनी पिनेत मधल्या काडीवरचा रेझिस्टर हेच काम करतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र दोनच वायरी, तिथे ही भानगड नाही.

ओळख पटली नाही तर लॅपटॉप सावध पवित्रा घेतो. चार्जर किती ताकदीचा हे माहीत नसताना बॅटरी चार्ज करायला घेतली आणि वरून काम चालवलं तर चार्जरवर जास्त भार पडेल. म्हणून तो चार्जिंग बंद ठेवतो आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. तुमचा लॅपटॉप हळू झालाय ना, त्याचं कारण हेच. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा स्पीड पाहा. काम करतानाही एक गीगाहर्ट्झच्या खालीच अडकून बसला असेल तर माझं म्हणणं पक्कं होईल.

म्हणजे प्लस आणि मायनस पोहोचताहेत, फक्त तिसरी वायर पोहोचत नाही. मूळ चार्जर चांगला आहे असं धरलं तर संशय नव्या जॅकच्या (म्हणजे पोर्टच्या) केबलवर, बोर्डावरच्या कनेक्टरवर आणि सगळ्यात शेवटी बोर्डावर.

खात्रीसाठी दोन गोष्टी करा. लॅपटॉप चालू करताना एफ2 दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा, बॅटरीच्या पानावर अडॅप्टरचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. आणि त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तशाच पिनेचा दुसरा चार्जर कोणाचा मिळाला तर लावून पाहा. बाजारातल्या काही स्वस्त चार्जरांत ओळखचिप नीट नसते, त्यामुळे चाचणीला मूळ कंपनीचाच हवा.

अमळनेर मास्तर

ताई, मन्हाकडे बी आसंच व्हयनं व्हतं, पन मन्हा लॅपटॉप चालूच व्हयेना. माझ्या मॉडेलमध्ये जॅक वेगळ्या केबलवर नव्हता, थेट बोर्डावर सोल्डर केलेला होता. बदलून आणल्यावर जॅकच्या पायावर 19 व्होल्ट दिसायचे आणि पुढच्या फ्यूजवर शून्य. पांझराकाठ दादा, असं का होतं हे इथे सांगाल का? शाळेतली बाकीची मंडळीही धागा वाचताहेत.

पांझराकाठ

मास्तर, बोर्ड एका थराचा नसतो. भोकाच्या आतून तांब्याचा पातळ मुलामा असतो, तोच वरच्या थराला आतल्या थरांशी जोडतो. जुना जॅक काढताना सोल्डर पूर्ण वितळण्याआधी ओढला किंवा एकाच जागी जास्त वेळ उष्णता दिली की हा मुलामा जॅकच्या पायाबरोबर निघून येतो. मग नवा जॅक बसतो, वरून सोल्डर छान चमकतो, पण आतल्या थराशी संबंध उरलेला नसतो. जॅकवर व्होल्ट आणि फ्यूजवर शून्य, याचा पहिला अर्थ हा. तिथून फ्यूजपर्यंत जाड जंपर वायर टाकून दुरुस्ती होते. बारीक वायर चालत नाही, तीन-साडेतीन अँपिअर जायचे असतात.

फ्यूजच्या एका बाजूला 19 आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर फ्यूज उडालाय. तो का उडाला हे शोधल्याशिवाय नवा टाकायचा नाही. फ्यूजच्या पुढे दोन मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे भाग), मग करंट मोजणारा रेझिस्टर, मग चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) आणि तिथून बॅटरी. तपासणी याच क्रमाने, जॅककडून आत.

तळोदा

बॅटरी रीसेट म्हणून काहीतरी असतं ना? चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं. त्याने होत नाही का?

पांझराकाठ

करून पाहायला काहीच हरकत नाही. कंट्रोलर अडकलेला असला तर त्याने सुटतो. तुटलेली वायर मात्र त्याने जुळत नाही.

सातपुडा पायथा

सीपीयूचा स्पीड 0.79 च्या वर जात नाही. बायोसमध्ये अडॅप्टरपुढे ‘अननोन’ लिहिलंय. सावद्याच्या एका शिक्षिकेकडे याच कंपनीचा 65 वॉटचा चार्जर मिळाला, त्यानेही तेच. आणि माझा चार्जर त्यांच्या लॅपटॉपला लावला तर तिथे चार्ज झाला! बटण दाबून ठेवण्याचंही केलं, फरक नाही.

आता उघडायचा कोणी? त्या दुकानात परत न्यायची माझी इच्छा नाही. इथे मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, हात चांगला आहे त्याचा, पण लॅपटॉप त्याने फारसे उघडलेले नाहीत.

भुसावळ शेड

ताई, तुमचा चार्जर दुसरीकडे चालला हे फार चांगलं केलंत. चार्जर सुटला, बॅटरीवरचा संशय कमी झाला, उरला जॅक आणि बोर्ड.

मी रेल्वेत इलेक्ट्रिकल विभागात आहे, इंजिनांच्या वायरिंगवर काम करतो. लॅपटॉप हा माझा धंदा नाही, पण वायर ती वायर. त्या मुलाला मल्टिमीटर वापरता येत असेल तर हे काम त्याच्याकडून होईल. कसं करायचं ते लिहितो, त्याला वाचून दाखवा.

चार्जर काढा. मागचं झाकण उघडा. सगळ्यात आधी बोर्डावरून बॅटरीचा कनेक्टर सोडवा, त्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मग पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबा, उरलासुरला चार्ज निघून जातो. आता जॅकची केबल कुठून कशी गेलीय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर केबल बोर्डावरून सोडवा आणि जॅकसकट बाहेर घ्या.

केबलच्या टोकाला बहुतेक जाड वायरी जोडीने आणि एक बारीक वायर असेल. जोडीच्या प्लस-मायनसच्या, बारीक ती ओळखीची. रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटर काय सांगतो ते खरं. मीटर कंटिन्युटीवर ठेवा, म्हणजे वायर सलग असली की बीप वाजतो. एक टोक जॅकच्या आत मधल्या संपर्काला, दुसरं कनेक्टरमधल्या बारीक वायरीच्या जागेला. वाजला तर लगेच खूश होऊ नका. टोकं तशीच धरून दुसऱ्याला केबल हळूहळू वाकवायला सांगा, विशेषतः जिथे ती वळण घेते तिथे. आवाज तुटक आला तर वायर आतून तुटलेली आहे. असंच प्लसचं आणि मायनसचं करा. शेवटी प्लस आणि मधली वायर एकमेकांना लागलेल्या नाहीत ना हेही बघा, तिथे बीप वाजता कामा नये.

एक गोष्ट अजिबात करू नका. चार्जर चालू ठेवून त्याच्या पिनेत मीटरची सुई घालून मधल्या काडीवर व्होल्ट मोजायला जाऊ नका. जागा इतकी अरुंद असते की सुई जरा सरकली तरी 19 व्होल्ट थेट ओळखीच्या वायरीला लागतात आणि चार्जरमधली चिप जाते.

पांझराकाठ

भुसावळवाल्या भाऊंचं शब्दन् शब्द बरोबर. फक्त एक भर. झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलीय का बघा. टचपॅड वर उचललेला असेल किंवा बॅटरीची पिशवी उशीसारखी टम्म दिसत असेल तर तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि पुन्हा वापरायचीही नाही.

वरणगाव फाटा

थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एक खूण काढली की स्पीड परत येतो. बीडी प्रोचॉट म्हणतात त्याला. माझ्या ऑफिसात एकाने केलंय.

पांझराकाठ

बरोबर आहे, तात्पुरतं काम भागतं. चार्जर खरोखर 65 वॉटचा आहे हे ताईंना माहीत आहे, त्यामुळे अडलेले अर्ज भरण्यापुरतं चालेल. पण ही प्रोसेसरला ‘वेग कमी कर’ सांगणारी वायर आहे, बोर्डावरचे इतर भाग तापले तरी तीच त्याला आवर घालते. कायमची बंद ठेवू नये, आपल्याकडच्या मे महिन्यात तर नाहीच. आणि बॅटरीला त्याचा काही उपयोग नाही.

ताई, लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का? त्याच्याजवळ छोटं पिनेचं किंवा बॅटरीचं चित्र असेल तर बहुतेक त्यावरूनही चार्ज होतो. 65 वॉटचा पीडी (टाइप-सीवरून जास्त ताकद देणारा) चार्जर 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर देतो. कोणाकडे असला तर तोवर काम निघेल.

सातपुडा पायथा

टाइप-सी आहे, पण चित्र नाही. उद्या त्या मुलाला बोलावलंय.

तळोदा

टाइप-सीवरून आठवलं. माझा लॅपटॉप टाइप-सीवरच चालतो. पोर्ट बदलल्यापासून केबल एका बाजूने लावली तर चार्ज होतो, उलटी केली तर नाही.

पांझराकाठ

टाइप-सीमध्ये ओळखीच्या दोन पिना असतात, सीसी1 आणि सीसी2. केबल सरळ लावली की एक वापरात येते, उलटी लावली की दुसरी. तुमच्या एका पिनेचा सोल्डर नीट बसलेला नाही. ज्यांनी बदलला त्यांच्याकडेच परत न्या आणि नेमकं हेच सांगा. मायक्रोस्कोपखाली लगेच दिसेल. त्यांनी ते पैसे न घेता करून द्यायला हवं.

सातपुडा पायथा

मंडळी, सापडलं!

झाकण उघडलं तेव्हाच त्या मुलाने बोट दाखवलं. जॅकच्या केबलसाठी प्लास्टिकमध्ये एक खाच आहे, केबल त्यातून जायला हवी. ती खाच रिकामी होती आणि केबल बिजागरीच्या लोखंडी पट्टीखालून घेतलेली होती. झाकण उघडताना-मिटताना पट्टी तिच्यावर दाबत होती. वरचं आवरण कुठेही फाटलेलं नाही, पण एका जागी बारीक वायर चपटी होऊन चकाकत होती. मीटर लावला तर जाड वायरी छान वाजल्या. बारीक वायर मुकी. चपट्या जागी जराशी दुमडली की क्षणभर वाजायची, सोडली की बंद.

म्हणजे दुकानात चालू करून दाखवला तेव्हा लाइट लागला तो जाड वायरींमुळे. बॅटरीचा आकडा वाढतोय का हे कोणी पाहिलंच नाही.

आता ही वायर जोडून घ्यावी की केबल नवी टाकावी? मुलगा म्हणतो, जोडून देतो.

भुसावळ शेड

फक्त बारीक वायर तुटलेली असेल तर जोडायला हरकत नाही. तिच्यातून करंट जवळजवळ जात नाही, फक्त निरोप जातो. चपटा भाग कापून काढा, टोकं सोलून सोल्डर करा, वर हीटश्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा, आणि जोड वळणावर येणार नाही असा ठेवा.

पांझराकाठ

भाऊ, इथे मात्र माझं मत वेगळं. पट्टीखाली जाड वायरीही दबल्यात. आज मीटरला सलग वाटतात, पण आतले काही धागे तुटले असतील तर भार आल्यावर ती जागा तापते. मीटरच्या बीपला एक धागाही पुरतो. सेवा केंद्राचा लॅपटॉप दिवसभर चालतो. अर्ज अडले असतील तर आज जोडून वापरा, पण नवी केबल मागवा.

आणि मागवताना मॉडेलच्या नावावर मागवू नका. एकाच नावाखाली ग्राफिक्स कार्ड असलेलं, नसलेलं, जुनं बोर्ड, नवं बोर्ड असे प्रकार असतात, केबलची लांबी आणि कनेक्टर बदलतो. केबलवर पांढरं लेबल गुंडाळलेलं असतं, त्यावरचा पार्ट नंबर जुळवा. मात्र दुकानाने टाकलेली केबलच चुकीची असू शकते, म्हणून कनेक्टरचा फोटो आणि पट्टीने मोजलेली खाचेतल्या मार्गाची लांबीही पाठवा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारा, नाही मिळाली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येईल.

भुसावळ शेड

भाराचा मुद्दा पटला. आमच्याकडेही चेमटलेली केबल बदलतातच. ताई, नवीच टाका.

सातपुडा पायथा

नवी केबल बसली. लांबी पाहून कळलं की आधी टाकलेली केबल आखूड होती, खाचेतून घातली असती तर बोर्डापर्यंत पोहोचलीच नसती, म्हणून ती पट्टीखालून सरळ ओढली होती. आता बायोसमध्ये अडॅप्टरपुढे 65 वॉट दिसतात, तो मेसेज येत नाही आणि आकडा 6 वरून चढत चढत 100 वर गेला. लॅपटॉपचा वेगही परत आला. झाकण बरेचदा उघडून-मिटून पुन्हा बायोस पाहिलं, 65 वॉटच.

कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्टही काढला. मूळ क्षमता 42,000 मिलीवॉट-अवर, आता पूर्ण चार्जला 33,000 च्या आसपास. बॅटरी बदलायची गरज आहे का?

पांझराकाठ

नाही. पाऊण क्षमतेच्या वर आहे, आणखी बरेच दिवस चालेल. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत असाल तर भर दुपारी चार्जिंग मधेच थांबेल, त्याला घाबरू नका. लिथियमच्या बॅटरीचं तापमान 45 अंशांच्या आसपास गेलं की चार्जिंग कमी होतं किंवा थांबतं, थंड झाली की पुन्हा सुरू होतं.

शिरपूरकर

धागा वाचून माझाही जॅक बदलून घेतला. अडॅप्टर बरोबर ओळखतो, पण बॅटरी 80 टक्क्यांवर थांबते. केबलचाच दोष का?

पांझराकाठ

नाही. ओळख पटली नसती तर 80 पर्यंतही गेली नसती. नेमकी 80 वर थांबते म्हणजे बॅटरी टिकावी म्हणून मर्यादा घातलेली आहे. लेनोव्होत तिला कॉन्झर्व्हेशन मोड म्हणतात, बाकी कंपन्यांच्या बायोसमध्ये किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये बॅटरीच्या पानावर सापडेल. लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच असतो का? असेल तर ती तशीच राहू द्या. शेतावर किंवा प्रवासात न्यायचा असेल त्याच्या आदल्या रात्री काढा.